मेक्सिको मृत्यूला हसतो, हे ठरवले कोणी?

१/ सप्टेंबर २०२३ मध्ये डिपेश मोड या ब्रिटिश बँडने मेक्सिको सिटीच्या फोरो सोल मैदानात तीन मैफली केल्या. त्यांवरचा फर्नांदो फ्रियास दिग्दर्शित माहितीपट २०२५ मध्ये आला. संगीत, मृत्यू आणि मेक्सिकन परंपरा हा त्याचा विषय. माझे भांडण चित्रपटाशी नाही. त्याच्या निमित्ताने पुन्हा सर्वत्र फिरू लागलेल्या एका वाक्याशी आहे: ‘मेक्सिकन माणूस मृत्यूला भीत नाही, हजारो वर्षांपासून तो त्याला हसत आला आहे.’

२/ मित्रहो, हे वाक्य इतिहास नव्हे. ती पर्यटनाची जाहिरात आहे.

३/ मृतांचा दिवस १ आणि २ नोव्हेंबरला येतो. या तिथ्या कॅथलिक पंचांगातल्या आहेत. नाहुआ लोकांचे मृतांचे सण उन्हाळ्यात येत. सोळाव्या शतकात दिएगो दुरान या धर्मगुरूला संशय आला होता, की स्थानिकांनी आपले जुने नैवेद्य गुपचूप ख्रिस्ती सणात हलवले आहेत. तेव्हा जुने धागे आहेत, हे मान्यच केले पाहिजे. पण ज्या समाजाने ते हलवले, तो १५२० ची देवी आणि १५४५ व १५७६ च्या महासाथी यांत होरपळत होता. गावेच्या गावे ओस पडली. त्यात हसण्यासारखे काय होते?

४/ आता त्या प्रसिद्ध हसऱ्या सांगाड्याकडे वळू. टोपी घातलेली ती कवटी होसे ग्वादालुपे पोसादा (१८५२–१९१३) याने स्वस्त छापील पत्रकांसाठी कोरली. तिचे नाव होते ‘गार्बान्सेरा’. आपले स्थानिक मूळ लपवून युरोपीय थाट मिरवणाऱ्या स्त्रियांवरचा तो बोचरा उपहास होता. तिला अंगभर पोशाख चढवला दिएगो रिव्हेराने, १९४७ च्या भित्तिचित्रात. ती ‘कात्रिना’ म्हणून राष्ट्राचे प्रतीक झाली, ती त्यानंतर. स्वतः पोसादा दारिद्र्यात मेला.

५/ आणि मेक्सिको सिटीतली ती भव्य मिरवणूक? २०१५ च्या जेम्स बाँडपटासाठी ती कल्पिली गेली आणि शहराने ती प्रत्यक्षात काढली २०१६ साली. ‘प्राचीन परंपरा’ म्हणून तिचे फोटो टाकणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे. (जाता जाता: त्या वेदीवरचा झेंडू मात्र खरोखर मेक्सिकोचा. आपल्या दसऱ्याच्या तोरणात तो फार नंतर आला.)

६/ यावर ऑक्ताव्हियो पाझचा दाखला हमखास दिला जातो. भारतात राजदूत म्हणून राहिलेल्या या कवीने १९५० च्या आपल्या निबंधग्रंथात मेक्सिकन माणसाच्या मृत्यूशी असलेल्या सलगीबद्दल लिहिले, हे खरे. पण ही बेफिकिरी जगण्याविषयीच्या बेफिकिरीवर पोसली जाते, असेही तो तिथेच सुचवतो. दाखला देणारे नेमके तेवढे गाळतात. कारण ते आले, की कौतुकाची आरोपपत्रिका होते.

७/ एवढे तावातावाने का लिहितो आहे? बँडचा सदस्य अँडी फ्लेचर मे २०२२ मध्ये वारला. (पुढच्या अल्बमचे ‘मेमेंतो मोरी’ हे नाव त्याआधीच ठरले होते.) त्याच महिन्यात मेक्सिकोच्या सरकारी नोंदवहीतील बेपत्ता माणसांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. त्यांच्या आया माळरानावर लोखंडी सळई जमिनीत ठोकतात, बाहेर काढतात आणि तिचे टोक हुंगतात. खाली प्रेत असेल तर वास येतो. त्यांनी मृतांच्या दिवशी काय करावे? ज्याचा मृत्यूच सिद्ध नाही, त्याचा फोटो वेदीवर मांडायचा तरी कसा? ‘हे लोक मृत्यूला भीत नाहीत’ असे म्हटले, की त्यांचे मरण स्वस्त होते आणि मारणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही.

८/ माहितीपट जरूर पाहा. गर्दीतले चेहरे पाहताना ‘प्राचीन’ हा शब्द तेवढा बाजूला ठेवा. पोसादाच्या छापखान्यावर पुढच्या आठवड्यात स्वतंत्र धागा लिहीन.