हुनर आमचे, नक्षी दुसऱ्याची

बारावीचा निकाल लागला की आपल्या अनेक घरांत एक प्रश्न निघतो. मुलगा किंवा मुलगी चित्रे बरी काढते, आर्ट कॉलेजला जायचे म्हणते. पाठवावे काय? प्रश्न रास्त आहे, पण आपण तो विचारतो कोणाला? मोहल्ल्यातले एक बुजुर्ग 'तसवीर काढणे जायज नाही' म्हणून मोकळे होतात. मामू किंवा चाचा 'पेंटर होऊन उपाशी मरणार काय' म्हणतात. आणि अलीकडे तिसरा सल्लागार आला आहे. तो खासगी डिझाइन इन्स्टिट्यूटचे गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन येतो. माझे या तिघांशीही भांडण आहे.

पहिल्याशी थोडक्यात. सजीवांच्या चित्राबाबत उलेमांत मतभेद आहेत. ज्याला एहतियात पाळायची त्याने जरूर पाळावी. पण आर्ट कॉलेज म्हणजे फक्त माणसांची चित्रे, हा समज कुठून आला? कापडावरची नक्षी, मातीची भांडी, धातुकाम, घराची सजावट, अक्षरांची रचना, हेही तिथेच शिकवतात. आणि तसविरींचेच म्हणाल तर अहमदनगरच्या हुसेन निजामशहावरचे 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे सोळाव्या शतकातले सचित्र फारसी हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आजही आहे. दख्खनी चित्रकलेच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. त्याच मातीतल्या मुलाला चित्रकला परकी कशी ठरेल?

दुसऱ्याचे म्हणणे मात्र हसण्यावारी नेता येत नाही. भूक खरी असते. म्हणून भुकेचाच हिशेब करू. मालेगावात आणि भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालतो. तिथे निघते ते बहुतांश कोरे कापड. रंग, छपाई, नक्षी दुसऱ्या गावी होते आणि कापडाची किंमत खरी वाढते ती तिथे. मागवाला मीटरवर मजुरी मोजत बसतो. मुंबईतल्या जरदोसीच्या कारखान्यात जा. एकेका लेहंग्यावर आठवडेच्या आठवडे वाकून टाके घालणारे कारीगर बहुधा आपलेच, आणि लेहंग्यावरचे नाव डिझायनरचे. कारीगराचे हात त्या डिझायनरपेक्षा कमी आहेत काय? मुळीच नाहीत. पण कागदावर नक्षी मांडणे, रंगांचा हिशेब घालणे, गिऱ्हाइकासमोर आपले काम समजावून सांगणे आणि त्याची किंमत ठरवणे हे त्याला कोणी शिकवले नाही. उपाशी राहायची भीती घालणाऱ्या चाचांना विचारावेसे वाटते, जो हुनर शिकून आपण दोन पिढ्या मजुरीवरच आहोत, तो तरी पोटभर देतो काय?

कातिबांचे उदाहरण घ्या. उर्दू अखबाराचा मजकूर पूर्वी कातिब हाताने लिहीत. १९८१ साली नूरी नस्तालीक हा संगणकावर चालणारा उर्दू टाइप आला आणि नव्वदच्या दशकात इनपेज आल्यावर मुंबईपासून हैदराबादपर्यंत कातिबांची कलम थांबत गेली. आपण यंत्राला दोष देऊन मोकळे झालो. पण त्या टाइपातली हजारो जोडाक्षरे ज्यांनी हाताने लिहिली ते मिर्झा अहमद जमील मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले होते. फाळणीनंतर ते कराचीचे झाले. अक्षर कातिबालाही येत होते आणि जमील यांनाही. अक्षराची रचना यंत्राला कशी सोपवायची याचा विचार मात्र जमील यांनी केला. आज सांगितल्याबरोबर चित्र काढून देणारी यंत्रे आली आहेत. नुसता हात चालवणाऱ्यावर पुन्हा तीच वेळ येणार आहे.

'हुसेनसाहेबांनी तर सिनेमाचे बोर्ड रंगवले, त्यांना कॉलेज कशाला लागले?' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता चीड येते. पंढरपूरचे हुसेन एकच. १९४७च्या ज्या प्रोग्रेसिव्ह गटातून त्यांचे नाव झाले त्यात सूझा आणि रझा होते, आणि दोघेही जे. जे.त शिकलेले. सूझांना तर तिथून काढून टाकले होते! तय्यब मेहता जे. जे.चे, अकबर पदमसी जे. जे.चे. कॉलेज प्रतिभा देत नाही, सोबत देते. आपल्या कामाला तोंडावर वाईट म्हणणारे चार समवयस्क मोहल्ल्यात मिळत नाहीत. १८५७ साली सुरू झालेली ही संस्था मोहम्मद अली रोडपासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर, क्रॉफर्ड मार्केटच्या समोरच आहे, आणि त्या रस्त्यावरची किती मुले तिच्या फाटकाच्या आत गेली आहेत?

आता तिसरा. वर्षाला लाखांत फी, वातानुकूलित वर्ग, परदेशी नावाचा करार आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट'. अशा ठिकाणी अम्मीचे दागिने गहाण टाकून मुलाला पाठवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. पदवी कोणत्या विद्यापीठाची, हे आधी लेखी विचारा. शिकवणारे स्वतः काय काम करतात ते पाहा. तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या मुलांचे पत्ते मागा. पत्ते द्यायला संस्था कां कूं करू लागली तर उठून या.

मुलींबद्दल एक गोष्ट. जी मुलगी कागदावर रेघ न ओढता थेट नवरीच्या हातावर कोपरापर्यंत मेहंदी मांडते, तिला संकल्पचित्र शिकवायची गरज थोडीच उरते. तिला आपण महिन्याच्या मेहंदी क्लासला आनंदाने धाडतो आणि चार वर्षांच्या कॉलेजचे नाव काढले की रिश्त्यांची काळजी सुरू होते.

कलाशिक्षकाच्या नोकरीचा पूर्वीसारखा भरवसा राहिलेला नाही, म्हणून नुसत्या त्या आशेवर कोणी जाऊ नये. ज्याला घरच्या धंद्यात, कापडात, छपाईत, लाकडात, धातूत काही करायचे आहे त्याने जावे, आणि सरकारी जागेसाठी जिवाचे रान करावे. आठवी-नववीत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट द्यावी. त्याने दहावीला वाढीव गुणही मिळतात. शाळेत चित्रकलेचा शिक्षक नसेल तर पालकांनी मुख्याध्यापकांच्या दारात बसावे. बारावीनंतर राज्याची कला सीईटी असते. तिच्यासाठी वस्तुचित्र आणि स्मरणचित्र यांचा वर्षभर रोजचा सराव लागतो. आदल्या महिन्यात जागे होऊन काही होत नाही. पहिल्या वर्षी जागा हुकली तर लाखांच्या इन्स्टिट्यूटकडे धावू नये. एखाद्या छापखान्यात किंवा कारखान्यात काम धरावे आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसावे. रझाही मुंबईत आले तेव्हा ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी करीत होते.