शाल-श्रीफळ नको, मैफल द्या

कैखुस्रू शापुरजी सोराबजी. नाव ऐकून वाटतं, मुंबईत फोर्टात ऑफिस असलेला कुणी खडूस पारशी सॉलिसिटर असणार. खडूस होता हे खरं, पण सॉलिसिटर नव्हता. पियानोसाठी आजवर जे सगळ्यात लांबलचक आणि बोटं मोडणारं संगीत लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं या माणसाच्या नावावर आहे. वडील मुंबईचे पारशी, पेशाने सिव्हिल इंजिनियर (म्हणजे आपलेच जातभाई!), आई इंग्लिश. जन्म १८९२ चा, इंग्लंडातला. पाळण्यातलं नाव लिऑन डडली, पारशी नाव त्याने नंतर स्वतःहून घेतलं. १९८८ मध्ये, ९६ व्या वर्षी तिकडेच गेला.

आता वर्ध्यात बसून, आठवडाभर कोड बडवून, शनिवारी सकाळी मी या बाबाबद्दल का लिहितोय? कारण त्याच्या गोष्टीत मला खरा रस आहे तो त्याच्या मित्रांमध्ये. दूर राहणाऱ्या, पत्रं लिहिणाऱ्या, आणि मुख्य म्हणजे काहीतरी *करणाऱ्या* मित्रांमध्ये.

आधी एक फरक सांगतो. आपल्याकडे गाणारा बऱ्याच अंशी स्वतःच रचनाकार असतो. बंदिश दोन ओळींची, पुढचा तासभर त्याचा. पाश्चात्त्य अभिजात संगीतात तसं नाही. रचनाकार एकेक सूर कागदावर लिहून ठेवतो, आणि दुसरा कुणीतरी महिनोन्महिने बसून तो वाजवतो. तो दुसरा भेटला नाही तर कागदावर नुसते ठिपके. आमच्या भाषेत, कोड लिहिलाय पण कधी रनच केला नाही.

सोराबजीने १९३० च्या जूनमध्ये 'ओपस क्लाव्हिसेंबॅलिस्टिकम' नावाची रचना पूर्ण केली. छापील २५२ पानं, वाजवायला चार तासांच्या वर! अशा वस्तूसाठी कोण हॉल देणार आणि कोण ऐकायला येणार? लंडनमध्ये नाही, पण ग्लासगोत एक जण होता. एरिक चिझम, स्वतः पियानिस्ट, स्वतः रचनाकार, आणि वय वर्षं फक्त २६. (माझ्यापेक्षा लहान. हे वाचून मला थोडं बरं वाटलं नाही.) नवं संगीत लोकांपर्यंत पोचावं म्हणून त्याने आणि त्याच्या मित्रांनी ग्लासगोत एक मंडळ काढलं होतं. लंडन ते ग्लासगो म्हणजे रेल्वेने साधारण ६५० किलोमीटर, वर्धा-मुंबईपेक्षा थोडं कमी. दोघांची मैत्री मुख्यतः पत्रांतून चालली. पण चिझम 'वा, छान लिहिता' एवढ्यावर थांबला नाही. १९३० च्या एप्रिलमध्ये त्याने सोराबजीला बोलावून त्याचा चौथा सोनाटा वाजवायला लावला, आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला ते चार तासांचं अख्खं 'ओपस'. वाजवणारा सोराबजीच होता. चिझमने हॉल, तारीख आणि श्रोते दिले.

मैत्री एकतर्फीही नव्हती. चिझम पुढे १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला प्राध्यापक म्हणून गेला, आणि १९४९ मध्ये त्याने पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी 'हिंदुस्तानी' नावाचा कॉन्चेर्तो लिहिला. त्याचा पहिला भाग चक्क आसावरी रागावर आहे! एक स्कॉटिश माणूस आफ्रिकेत बसून आसावरी लिहितोय. आपल्या संगीताची ओढ त्याला सगळी या मित्रामुळेच लागली असं नाही म्हणणार मी, पण संगत काहीतरी देऊन जातेच ना.

आता गोष्टीची दुसरी बाजू. १९३६ मध्ये लंडनला जॉन टोबिन नावाच्या पियानिस्टने 'ओपस'चा फक्त पहिला भाग वाजवला. तोही सोराबजीला हवा त्याच्या कितीतरी संथ. सोराबजी भडकला. त्याचं म्हणणं, वाईट वाजवण्यापेक्षा न वाजवलेलं बरं. त्यानंतर जवळजवळ ४० वर्षं त्याचं संगीत त्याच्या परवानगीशिवाय जाहीररीत्या वाजवायची सोय उरली नाही, आणि परवानगी तो देत नव्हता. लिहीत मात्र राहिला, हजारो पानं. सगळी कपाटात.

यात सोराबजीचं चुकलं का? मला वाटतं, निम्मं बरोबर होतं. आपल्या कामाची वाट लावून कुणी ते आपल्याच नावाने लोकांसमोर मांडलं तर कुणालाही राग येईल. पण कुलूप लावलं की चोरासोबत पाहुणाही बाहेरच राहतो. ते कुलूप उघडलं कसं? पुरस्काराने नाही की सत्काराने नाही. अ‍ॅलिस्टर हिंटन नावाच्या पोराला, वय विशीच्या आत, १९६९ मध्ये लंडनच्या एका लायब्ररीत सोराबजीची छापील पानं दिसली. १९७२ मध्ये तो म्हाताऱ्याला प्रत्यक्ष भेटला, मैत्री केली, आणि धीराने समजूत काढत राहिला. १९७६ मध्ये बंदी सैल झाली. लंडनमध्ये योंटी सॉलोमनने वाजवलं, पुढच्या वर्षी अमेरिकेत मायकेल हाबरमनने. १९८२ मध्ये नेदरलँड्सच्या उट्रेक्ट शहरात जेफ्री डग्लस मॅजने अख्खं 'ओपस' वाजवलं, पहिल्या प्रयोगानंतर अर्ध्या शतकाने. सोराबजी तेव्हा हयात होता.

आणि तो गेल्यावरही मित्र वाढतच राहिले, हे मला सगळ्यात भारी वाटतं. हस्तलिखितं वाचायला महाकठीण. हा सूर कोमल की शुद्ध, तेच कळत नाही आणि विचारायला कुणी नाही. मूळ डेव्हलपर गेला, कॉमेंट्स नाहीत, आणि कोड तर चालवायचाय... वेगवेगळ्या देशांतल्या वादकांनी आणि अभ्यासकांनी ती पानं कॉम्प्युटरवर स्वच्छ उतरवली. फ्रेडरिक उलेन हा स्वीडिश माणूस व्यवसायाने मेंदूशास्त्रज्ञ. त्याने सोराबजीच्या शंभरच्या शंभर अवघड 'स्टडीज' काही वर्षं खपून रेकॉर्ड केल्या. नोकरी आहे म्हणून वेळ नाही, असं म्हणणाऱ्या आपण सगळ्यांनी (मी पहिला) हे नाव भिंतीवर लिहून ठेवावं.

तर मुद्दा असा. दूरची मैत्री टिकते ती मधे एखादं काम असतं म्हणून. नुसतं 'कसा आहेस, भेटू कधीतरी' यावर ती सहा महिने जगते. आमच्या टीममध्ये दुसऱ्या खंडात बसलेला एक जण आहे. आम्ही कधी भेटलो नाही, पण त्याचं घर, पोरं, चिडचिड सगळं मला ठाऊक आहे, कारण रोज एकाच गोष्टीवर दोघांचे हात असतात.

आपल्या विदर्भात याचं उत्तम उदाहरण आहेच की. सुरेश भट अमरावतीचे, हृदयनाथ मंगेशकर मुंबईत. भटांची कविता अस्सल होतीच, पण ती घराघरांत गेली त्यात मुंबईतल्या त्या चालींचा मोठा वाटा आहे. 'सिंहासन' (१९७९) मधलं गाणं ज्यांना पाठ आहे, त्यातल्या किती जणांनी भटांचा संग्रह विकत घेतला असेल? मंगेशकरांनी भटांना हार घातला नाही. चाल दिली.

आणि आपण काय करतो? हार घालतो. वर्धा, आर्वी, हिंगणघाट, कुठेही जा, चांगलं लिहिणारा, चाली बांधणारा एखादा तरी माणूस सापडतोच. त्याच्या वाट्याला येते शाल, नारळ, आणि अध्यक्षांचं पाऊण तासाचं भाषण. वही पुन्हा कपाटात!

कुणी म्हणेल, आता इंटरनेट आहे, ज्याने त्याने स्वतःच गाऊन टाकावं, मधला माणूस हवाय कशाला? पण टाकणं वेगळं आणि दुसऱ्या कुणीतरी ते शिकणं वेगळं. दुसरा शिकतो तेव्हा प्रश्न विचारतो, अडतो, भांडतो. तिथे रचना पहिल्यांदा तपासली जाते. आपलंच टेस्टिंग आपणच करण्यात काय अर्थ आहे, हे कुठल्याही इंजिनियरला विचारा.

म्हणून आपलं साधं म्हणणं. पुढच्या वेळी कुणी वही दाखवली की 'वा वा' म्हणून परत देऊ नका. त्यातली एक रचना मागून घ्या, बसवा, आणि चार लोकांना बोलावून तारीख ठरवा. मोठा हॉल नसेल तर घराची गच्ची चालेल. रचणाऱ्याला फोन करून एवढंच सांगायचं, 'दुसऱ्या कडव्यात अडलोय, जरा सांगता का?' त्याच्यासाठी याहून मोठा सत्कार नाही.