स्टेंटनंतरचे हृच्छूल आणि आपण वैद्य

धुळे-जळगावकडील स्टेंट बसविलेला रुग्ण छातीत पुन्हा दाटू लागले की आमच्याकडे काढा मागतो. स्टेंटमध्ये वाढलेला पेशीस्तर अर्जुन वा गुग्गुळाने विरघळतो, यास पुरावा नाही. हे आम्ही वैद्यांनीच सांगावयास हवे. पुन्हा अँजिओग्राफी करून औषधलेपित फुगा, दुसरा औषधयुक्त स्टेंट अथवा बायपास यांतून हृद्रोगतज्ज्ञ निवड करतात. २०१७ साली केंद्राने स्टेंटच्या किमती बांधून दिल्या खऱ्या, तथापि दुसऱ्या खेपेचा खर्च कापूस पिकविणाऱ्या घरास जडच. तो आमच्या दारी येतो तो बहुधा त्यामुळेच. पथ्य, व्यायाम, तंबाखूत्याग यांत आमचे काम मोठे आहे. मात्र रक्त पातळ ठेवणारी गोळी आमच्या सांगण्यावरून कधीही बंद होऊ नये. आणि बसल्याजागी कळ आली, तर नाडी पाहण्यापूर्वी १०८ ला दूरध्वनी करावा.