पंख्यापायी संगणक भंगारात नको

आजचा विषय भाताचा नाही आणि खताचाही नाही. तरी त्याचा तुमच्या खरिपाशी संबंध आहे.

जुलै अखेरची गोष्ट. पीक विम्याची मुदत तोंडावर आलेली, बाहेर पाऊस धो-धो. खालापूर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत पंधरा-वीस माणसं ओल्या छत्र्या भिंतीला टेकवून बसलेली. सातबारा निघाला की फॉर्म भरायचा. पण संगणक दहा मिनिटं चाले आणि आपोआप बंद पडे. पुन्हा चालू केला की पाच मिनिटांत बंद. केंद्रचालक मुलगी रडकुंडीला आली. कोणी म्हणालं व्होल्टेज, कोणी म्हणालं व्हायरस. दुकानदाराने फोनवरच निकाल दिला, "मदरबोर्ड गेला असेल, आता नवीनच घ्या." दुपारी मंडळी खोपोलीला गेली. ऐन लावणीत प्रत्येकाचा एक दिवस आणि गाडीभाडं गेलं.

मी शेतीखात्याचा माणूस. पदविकेला आम्हाला पॉवर टिलर उघडायला शिकवलं, संगणक नव्हे. पण डब्याची बाजू काढून पाहिली आणि ओळख पटली. आत प्रोसेसरवर ॲल्युमिनियमच्या पाकळ्या, त्यावर छोटा पंखा. पाकळ्यांत धुळीचा नमदा झालेला आणि पंखा जागचा हलत नव्हता. इंजिनाच्या पाकळ्यांत कोंडा अडकला की इंजिन तापतं, हे तुम्हाला कोणी सांगायला नको. इथेही तेच. प्रोसेसर तापला की आधी मंद होतो, फारच तापला की जळू नये म्हणून यंत्र स्वतःच बंद होतं. म्हणजे तो संगणक बिघडलेला नव्हता, जीव वाचवत होता.

रोग ओळखा

सुरू करताना पडद्यावर पंख्याच्या बिघाडाचा इंग्रजी संदेश येतो. पंखा आधी काही दिवस घरघरतो, मग गप्प होतो. यंत्र थंड असताना चालतं, तापलं की बंद पडतं. ही तीन लक्षणं दिसली तर आधी पंखा बघा. दिवाच लागत नसेल तर दोष बहुधा वीजपुरवठ्याच्या डब्यात, तो जाणकाराकडेच न्या. वॉरंटी किंवा देखभालीचा करार चालू असेल तर लेखी परवानगीशिवाय उघडू नका.

पंखा बदलताना

प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. डब्याच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. पंख्याची वायर बोर्डावर कुठे लागते त्याचा मोबाइलवर फोटो काढा. इंटेलच्या बऱ्याच जुन्या यंत्रांत चार कोपऱ्यांना चार खुंट्या असतात. त्या बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढल्या की जोड सुटतो. चिकटून बसला असेल तर हिसका देऊ नका, हळूच डावी-उजवीकडे फिरवा. हिसक्याने काही यंत्रांत प्रोसेसरच उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात.

प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट स्पिरिटच्या फडक्याने पुसा. नवी पेस्ट वाटाण्याच्या निम्म्याएवढी, मधोमध. युरियासारखंच आहे, जास्त घातली म्हणून जास्त गुण येत नाही. नवा जोड बसवताना खुंट्या बाणाच्या उलट फिरवून पूर्ववत करा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या 'टक' आवाज येईपर्यंत दाबा. वायर जोडायला विसरू नका. बाजू बंद करण्याआधी चालू करून पंखा फिरतो का, ते डोळ्यांनी बघा.

दुकानात जाताना जुना पंखा बरोबर न्या, माप आणि जोडणी चुकत नाही. कर्जत-खोपोलीत नाहीच मिळाला तर लोकलने मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहे. साधा जोड काहीशे रुपयांत येतो. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब टाकून पंखा पुन्हा फिरतोही, पण तो उपाय नवा मिळेपर्यंतचाच.

खरा बिघाड कुठे?

२०११ च्या सुमारास 'संग्राम'मधून गावोगाव संगणक आले, पुढे २०१६ पासून 'आपले सरकार' सेवा केंद्रं आली. २०१८ पासून सातबाराही डिजिटल सहीचा मिळू लागला. कामं संगणकावर गेली, हे चांगलंच झालं. पण संगणकालाही तेलपाणी लागतं, हे आपण धरलंच नाही. केंद्रचालकाला पंखा घेण्याचा अधिकार नाही. भाऊसाहेब तालुक्याला पत्र लिहितात, पत्राचं उत्तर येईपर्यंत मुदत संपते. शेवटी यंत्राची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला राहते, यंत्र कोपऱ्यात जातं आणि नव्याची मागणी होते. किरकोळ दुरुस्ती अडली म्हणून मोठा खर्च, हा कुठला हिशेब?

कोणी म्हणेल, इतकी जुनी यंत्रं ठेवायचीच कशाला? म्हणणं अगदीच खोटं नाही. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत, त्यामुळे पैशाच्या आणि सहीच्या कामाला जुनं यंत्र किती दिवस वापरायचं याचा विचार करावाच लागेल. पण तो निर्णय सवडीने, सभेत चर्चा करून घ्या. पंखा थांबला म्हणून जुलैच्या गर्दीत घाबरून नको.

माझं सांगणं एवढंच. मासिक सभेत ठराव करून स्वनिधीतून वर्षाची थोडी रक्कम संगणकाच्या किरकोळ दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. शेजारच्या दोन-तीन ग्रामपंचायतींची यंत्रं एकाच प्रकारची असतील तर मिळून एक पंखा आणि पेस्टची नळी कपाटात ठेवा. मे अखेरीस एकदा आणि भातझोडणी उरकल्यावर एकदा, मऊ ब्रशने धूळ काढा. गावात आयटीआय झालेला मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांना हे काम शिकवा आणि दोन पैसे द्या.

त्या ग्रामपंचायतीत चौथ्या दिवशी पंखा बसला आणि संगणक दिवसभर चालला. पण तोवर मुदत टळून गेली होती. पेरणीआधी आपण टिलरचं तेल बघतो. यंदा त्याच दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन संगणकाचा पंखाही फिरतो का ते बघा.