फूल येण्याआधी या

रिठदच्या भावांनो, बहिणींनो, या रविवारी गावाच्या ई-क्लास पडीतावर या आणि जरा वाकून बघा. गाजरासारख्या पाल्याची रोपं दिसतील. हे गाजरगवत. महिनाभरात त्याला साबुदाण्याएवढी पांढरी फुलं येतील, एकेक झाड हजारो बिया झाडेल. मग गुरांना तिथं चारा उरणार नाही.

शाळेतली मुलं आणि गुरुजी ते उपटायला निघालेत. त्यांना एकटं सोडू नका.

हे गवत आपल्या मातीतलं नाही. 1950च्या दशकात ते पुण्यात दिसलं आणि देशभर पसरलं. गाईनं खाल्लं तर दूध कडू लागतं. निंदणाऱ्या बायांचे हात खाजतात, लेकरांना धाप लागते. तुमच्याच घरातलं हे दुखणं आहे.

म्हणून जमीन ओली आहे तोवर उपटा. कोरड्यात ते बुडाशी तुटतं आणि पुन्हा फुटतं. हातांना मोजे नसतील तर पिशव्या बांधा, तोंडाला दुपट्टा बांधा. फुलावर आलेलं झाड मुलांच्या हाती देऊ नका. तरोटा मात्र राहू द्या, तो दाट उगवला की गाजरगवताला डोकं वर काढू देत नाही. कोवळ्या तरोट्याची भाजी तर तुमच्या घरी होतेच.

आजोबा, तुम्ही नक्की या. मारवेल गवत कुठं होतं, पवन्या गवत कुठं कमरेएवढं वाढायचं, लावरी अंडी कुठं घालायची, हे पोरांच्या पुस्तकात नाही. ते तुमच्याकडेच आहे, आणि तुमच्यानंतर कुणाला विचारायचं?

गेलेलं गवत परत येतं. मेळघाटात उठलेल्या गावांच्या जागी कुरणं उभी राहिली, त्या कामाला वाट दाखवणाऱ्यांत चिखलदऱ्याच्या कॉलेजातले प्राध्यापक गजानन मुरतकर होते. आपल्याच जिल्ह्यात कारंजा-सोहोळला काळविटांसाठी अभयारण्य आहे. काळवीट जगतं गवतावर, आपली गायही गवतावरच.

कॉलेजच्या पोरांनो, राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत 240 तास द्यायचे असतात. त्यातला एक रविवार गावाला द्या.

सकाळी सातला शाळेच्या फाटकापाशी या. खुरपं आणा, पोतं आणा. धुऱ्यावर मारवेल असेल तर त्याचं एक ठोंब मातीसकट आणा. मोकळ्या झालेल्या जागेत त्याच दिवशी लावायचंय.