पावत्या सांभाळणारी पोरं

हॉस्टेलवरच्या रात्री दोनच्या गप्पांतून काही निष्पन्न होत नाही, असं आपल्याला सगळेच ऐकवतात. माझं मत वेगळं आहे, आणि त्याला पुरावा आहे एका अमेरिकन दुकानाचा!

वूलवर्थ ही स्वस्त दुकानांची साखळी. १८७९ साली पाच सेंटांच्या मालावर जम बसलेली. आपल्या ‘हर माल’वाल्याचा थोरला भाऊच म्हणा ना. पैसे सगळ्यांचे चालायचे. पण नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो शहरात तिच्या दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसायचा हक्क मात्र फक्त गोऱ्यांना. कृष्णवर्णीयाने टूथपेस्ट खुशाल घ्यावी, कॉफीसाठी स्टुलावर बसू नये. कंपनी म्हणे, आम्ही स्थानिक रिवाज पाळतो. हे वाचलं की माझं डोकंच फिरतं. ‘इथे असंच चालतं’ हे आपणही फर्स्ट इयरला पहिल्याच आठवड्यात ऐकतो की नाही?

तिथल्या कृषी व तांत्रिक कॉलेजातली फर्स्ट इयरची चार पोरं, एझेल ब्लेअर, फ्रँकलिन मॅकेन, जोसेफ मॅकनील आणि डेव्हिड रिचमंड, रात्री रूमवर यावरच वाद घालायची. १ फेब्रुवारी १९६० ला ती दुकानात गेली. आधी किरकोळ खरेदी केली, पावत्या जपून ठेवल्या, मग काउंटरवर जाऊन बसली. शेजारच्या काउंटरला आमचे पैसे चालतात, मग इथे का नाही, एवढाच सवाल. कॉफी काही मिळाली नाही. त्यांच्या धाडसाचं कौतुक सगळेच करतात, मला मात्र त्या पावत्या जास्त आवडतात. भांडायच्या आधी रीडिंग घेऊन ठेवलेलं! (मॅकनील इंजिनिअरिंग फिजिक्सचा होता, हे उगाच सांगत नाही.)

दुकान बंद होईपर्यंत ती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी वीसहून जास्त जण आले, पाचव्या दिवशी शेकडो. बेनेट कॉलेजच्या मुलीही आल्या. पुढे उन्हाळ्याची सुट्टी लागली, कॉलेजची पोरं गावी गेली. आपलं आंदोलन असतं तर इथेच गुंडाळलं असतं! तिथे डडली हायस्कूलच्या मुलांनी ते चालू ठेवलं. गल्ल्याला खड्डा पडला तसा रिवाजही सैल झाला, आणि २५ जुलै १९६० ला काउंटर सर्वांना खुला झाला. तिथे पहिल्यांदा जेवायला बसले ते त्याच दुकानातले कृष्णवर्णीय कर्मचारी.

१९९३ मध्ये दुकान बंद पडलं. २०१० पासून त्या इमारतीत नागरी हक्कांचं म्युझियम आहे, आणि काउंटरचा एक तुकडा वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये ठेवलाय.