यंत्राच्या आयुष्याचा हिशेब कोणाच्या हाती?

कारखान्यात कामगारांच्या डोक्यावरून ओझे वाहून नेणाऱ्या होइस्टची आठवण व्यवस्थापनाला बहुधा अपघातानंतरच होते. दोर तुटतो किंवा ब्रेक लागत नाही, ओझे खाली येते. मग चौकशीच्या कागदावर ‘यांत्रिक बिघाड’ अथवा ‘चालकाचा निष्काळजीपणा’ असे लिहून प्रकरण मिटवले जाते. त्या होइस्टने आजवर किती तास काम केले, किती ओझे उचलले आणि त्याचे ठरलेले आयुष्य केव्हाच संपले होते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक मूळ प्रश्न तोच आहे.

होइस्टचे आयुष्य वर्षांत मोजायचे नसते, तर झालेल्या कामात मोजायचे असते. युरोपातील यंत्रनिर्मात्यांच्या संघटनेने घालून दिलेल्या वर्गवारीत प्रत्येक वर्गाच्या होइस्टला पूर्ण ओझ्याचे ठरावीक तास दिलेले असतात: कोणाला ४००, कोणाला ८००, कोणाला १६००. ओझे कमी असेल तर झीज घनाच्या प्रमाणात घटते. म्हणजे निम्म्या ओझ्याचे आठ तास हे पूर्ण ओझ्याच्या एका तासाबरोबर होतात. ८०० तासांचा होइस्ट रोज दोन तास, वर्षाचे ३०० दिवस चालला असे धरा. निम्मे ओझे उचलत राहिला तर तो दहा वर्षे आठ महिने पुरेल. पूर्ण ओझे उचलत राहिला तर अवघ्या सोळा महिन्यांत त्याचे आयुष्य सरेल. एका पाळीच्या तीन पाळ्या झाल्या की ही मुदतही एकतृतीयांशावर येते. मुदत सरली म्हणजे होइस्ट भंगारात काढावाच लागतो असे नाही. पण तो पूर्ण उघडून गिअर, बेअरिंग व शाफ्ट यांची दुरुस्ती वा बदल केल्याशिवाय पुढे चालवता कामा नये.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २९ ने उचलयंत्रे, साखळ्या व दोर यांची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी करण्याचे आणि तिची नोंद ठेवण्याचे बंधन मालकावर घातले होते. ही तरतूद मोलाची होती. परंतु ती महिने मोजत होती, ओझी मोजत नव्हती. दोराच्या तुटलेल्या तारा आणि हूकचे फाकलेले तोंड तपासनिसाला दिसते. गिअरपेटीच्या आत दात किती शिणले आहेत, हे मात्र बाहेरून दिसत नाही. ते केवळ वापराच्या नोंदीवरूनच ताडता येते. म्हणूनच अशा मोजणीसाठी आय.एस.ओ. १२४८२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि तास व ओझे आपोआप नोंदवणारी उपकरणेही बाजारात मिळतात. तंत्राचा अभाव ही सबब उरलेली नाही.

यंत्राचा वर्ग आणि कामाचा जडपणा यांची फारकत झाली म्हणजे काय घडते, हे चीनमधील लिआओनिंग प्रांताने १८ एप्रिल २००७ रोजी पाहिले. तेथील एका पोलाद कारखान्यात वितळलेल्या धातूची बादली कोसळून ३२ कामगार मृत्युमुखी पडले. ओतकामासाठी लागणाऱ्या खास क्रेनऐवजी तेथे साधी क्रेन वापरात होती.

मग ही मोजणी होत नाही ती का? कारण मीटर लागला की हिशेब उघडा पडतो. मुदत संपल्याचे लेखी दिसू लागले की होइस्ट थांबवावा लागतो, दुरुस्तीवर खर्च करावा लागतो आणि उत्पादन काही काळ अडते. मुदतीपलीकडे चालणारे यंत्र मालकाला फुकटचे काम देते. त्याची जोखीम मात्र खाली उभा असलेला कामगार, आणि बहुतेक वेळा कंत्राटी कामगार, उचलत असतो.

काही साथी शंका घेतील की, असा मीटर उद्या कामगाराचाच वेग मोजण्यासाठी वापरला जाईल. शंका निराधार नाही. पण तिचे उत्तर मीटर नाकारणे हे नव्हे. मीटरच्या नोंदींवर कामगारांची नजर व हक्क असणे हे आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता अमलात आल्या. कारखाने कायद्याच्या कलमांत असलेले असे तपशील आता मानकांवर व नियमांवर सोपवले गेले आहेत, आणि निरीक्षकाच्या पदनामाला ‘सुविधाकर्ता’ हे शेपूट जोडले गेले आहे. कलमांत असलेले बंधन नियमांत पातळ करणे सोपे असते. अशा वेळी युनियनांनी स्वस्थ बसून चालणार नाही.

भिलाईचा पोलाद कारखाना असो, पुण्याचा इंजिनिअरिंग कारखाना असो की सुरतेची एखादी लहान वर्कशॉप असो, आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. प्रत्येक होइस्टवर त्याच्या क्षमतेबरोबर त्याचा वर्गही ठळक लिहावा. प्रत्येक होइस्टला तास व ओझे नोंदवणारा मीटर असावा. उरलेल्या आयुष्याची नोंदवही खात्यातच, कामगारांना पाहता येईल अशी ठेवावी. जुना होइस्ट विकत घेतला आणि त्याचा इतिहास ठाऊक नसला, तर पूर्ण दुरुस्तीवाचून तो कामाला लावू नये. आणि मुदत संपलेल्या होइस्टखाली काम नाकारणाऱ्या कामगारावर कारवाई होता कामा नये.

मागणीपत्रात वेतन व बोनस यांच्या शेजारी या पाच ओळींना जागा मिळाली पाहिजे. यंत्राचे आयुष्य मोजण्याचा आग्रह हा अखेर माणसाचे आयुष्य राखण्याचा आग्रह आहे.